लँड रोव्हर

लँड रोव्हर : खडतर वाटांवर आणि मुळात वाटच नसलेल्या भूभागात चालणाऱ्या मोटारींची ब्रिटिश नाममुद्रा. महायुद्धोत्तर टंचाईत चार-दोन वर्षे निभावून नेण्यासाठी रोव्हर कंपनीने काढलेले हे वाहन त्या कंपनीच्या मूळ मोटारींनाही पुरून उरले.

रोव्हरचे प्रमुख अभियंते मॉरिस विल्क्स वेल्समधील अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर युद्धातून उरलेली अमेरिकी विलिस जीप वापरीत. ती निकामी झाल्यावर तिच्या जागी काय आणायचे, या विचारातून १९४७ मध्ये पहिला नमुना तयार झाला. जीपच्याच सांगाड्यावर उभारलेल्या या नमुन्यात चालक ट्रॅक्टरवर बसावा तसा मधोमध बसे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या देशांसाठी वेगळी रचना करावी लागणार नव्हती. प्रत्यक्ष उत्पादनात मात्र ही युक्ती सोडून देण्यात आली.

त्या काळी ब्रिटनमध्ये पोलादाचे नियंत्रित वाटप होई आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांना त्यात झुकते माप मिळे. म्हणून बाह्यांगासाठी बर्माब्राइट हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू निवडला गेला आणि महागडे साचे टाळण्यासाठी पत्रे शक्य तितके सपाट ठेवले गेले. पुढे वाखाणले गेलेले ते चौकोनी रूप सौंदर्यदृष्टीतून नव्हे, तर काटकसरीतून आले. पत्र्याला गंज चढत नसे. खालचा पोलादी सांगाडा मात्र गंजे. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडलेल्या या गाडीच्या चाकांच्या आसांमधले अंतर अवघे ८० इंच होते, इंजिन १.६ लिटरचे होते आणि त्याच इंजिनाची शक्ती बाहेर काढून शेतावरची करवत किंवा मळणीयंत्रही चालवता येई.

निर्यात ही सुरुवातीपासूनच कंपनीची निकड होती. तयार गाड्यांबरोबर सुट्या भागांचे संचही परदेशी जात आणि तिथे त्यांची जुळणी होई. बेल्जियममध्ये मिनर्व्हा आणि स्पेनमध्ये सांताना या कंपन्यांनी परवान्याखाली उत्पादन केले. १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी दोन गाड्या लंडनहून सिंगापूरपर्यंत नेल्या. कोणत्याही जाहिरातीपेक्षा ही मोहीम अधिक परिणामकारक ठरली असावी. १९७६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. मात्र ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेत टोयोटाच्या लँड क्रूझरने तिची बाजारपेठ हळूहळू बळकावली. रोव्हरची मालकी असलेल्या ब्रिटिश लेलँड या मोटार-समूहाच्या अमलाखाली भांडवलाची ओढाताण असल्याने, अधिक ताकदीचे इंजिन मागणाऱ्या ग्राहकांना वेळेवर उत्तर देता आले नाही.

दरम्यान १९७० मध्ये आलेल्या रेंज रोव्हरने आरामदायी गाडीलाही चिखल तुडवता येतो हे दाखवले आणि डिस्कव्हरीने (१९८९) तोच धागा मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत नेला. मालकी १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूकडे, २००० मध्ये फोर्डकडे आणि २००८ मध्ये जॅग्वारसह २.३ अब्ज डॉलरना टाटा मोटर्सकडे गेली. पुढे पुण्यात जुळणी सुरू झाली, तर चीनमध्ये चेरी या चिनी मोटार कंपनीच्या भागीदारीत चांगशू येथे कारखाना उभा राहिला.

मूळ गाडीच्या थेट वंशातली अखेरची डिफेंडर २९ जानेवारी २०१६ रोजी सॉलिहलच्या कारखान्यातून बाहेर पडली. २०१९ मध्ये सादर झालेल्या नव्या डिफेंडरला बाह्यांगापासून वेगळा सांगाडाच नाही आणि तिचे उत्पादन ब्रिटनमध्ये नव्हे, तर स्लोव्हाकियातील नित्रा येथे होते.