समुद्राच्या खाली जंगल, आणि आईचा वाफसा

17 जून 2022 ला इंग्लंडने नेदरलँड्सविरुद्ध 50 ओव्हरमध्ये 4 बाद 498 मारले तो व्हिडिओ बघितला असेल. 26 सिक्स, वन डेचा वर्ल्ड रेकॉर्ड, आणि नेदरलँड्सचे प्लेअर बाउंड्रीबाहेरच्या झाडीत घुसून बॉल शोधतायत, आपण गल्लीत गटारापाशी वाकून शोधायचो अगदी तसेच. ते ग्राउंड आम्स्टर्डामला लागून असलेल्या आम्स्टलफेनमध्ये, आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे आणि ती झाडी म्हणजे आम्स्टर्डाम्से बॉस. डचमध्ये बॉस म्हणजे जंगल, साहेब नव्हे.

गेल्या वर्षी आई पहिल्यांदा इकडे आली, ऑक्टोबर होता, तर रविवारी तिला घेऊन आम्ही चार-पाच मराठी फॅमिली बॉसमध्ये गेलो. मोकळ्या हिरवळीवर पोरांचं टेनिस बॉल क्रिकेट सुरू झालं आणि तिसऱ्याच ओव्हरला बॉल झाडीत. मी आत गेलो आणि दोन्ही पोटऱ्या पेटल्या. नेटल नावाचं झुडूप असतं इथे, खाजकुयलीच्या नात्यातलं नाही पण स्वभाव तोच. मी पाय चोळत बाहेर येतोय आणि आई मात्र झाडीच्या कडेला चर बघत उभी. काठोकाठ काळं पाणी. म्हणाली, "एवढं पाणी आहे मुळाला, ही झाडं कुजत कशी नाहीत रे?"

आई शिरोळ तालुक्यातली. तिच्या माहेरची दोन एकर उसाला पाणी देऊन देऊन चिबड झाली, म्हणजे पाणी मुरून नापीक झाली, हे तिने डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे हा प्रश्न टूरिस्टचा नव्हता. आणि तो इतका बरोबर होता की हा सगळा लेख त्याच्यावरच आहे.

आधी पार्कबद्दल थोडक्यात. 1928 ला आम्स्टर्डाम शहराने ठरवलं की लोकांना जंगल पाहिजे. शहराजवळ जंगल नव्हतंच, मग बनवायचं. 1934 ला काम सुरू झालं, मंदीचे दिवस, बेकारांना रोजगार म्हणून साधारण वीस हजार माणसांनी वर्षानुवर्षं फावडी आणि हातगाड्या घेऊन हे खणलं, म्हणजे आपल्या रोजगार हमीसारखंच समजा. शेवटचं झाड 1970 ला लागलं. एकूण हजार हेक्टरच्या आसपास. मध्ये बॉसबान नावाचा 2.2 किलोमीटरचा सरळसोट कालवा आहे, होड्यांच्या शर्यतीसाठी माणसाने खणलेला जगातला सगळ्यात जुना, 2014 ची वर्ल्ड रोइंग चॅम्पियनशिप इथेच झाली. खणलेल्या मातीची टेकडी केली, तिच्यावर पोरं बर्फात घसरतात. बकऱ्यांचा फार्म आहे, तिथे बकरीच्या दुधाचं आइस्क्रीम मिळतं (बरं लागतं, खरंच). कडेला वाखेनर स्टेडियम, जिथे 1973 चा हॉकी वर्ल्ड कप फायनल आपण नेदरलँड्सकडून पेनल्टी स्ट्रोकवर हरलो. आणि क्रिकेटच्या ग्राउंडवर 2004 ला पाकिस्तानने आपल्याला हरवलं, तोही विषय नको.

मुद्दा असा की ह्यातला बराचसा भाग समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली आहे. उत्तरेला नीउवे मेअर तळं आहे त्याचं पाणी जंगलाच्या जमिनीपेक्षा वर. जमिनीत शेकडो किलोमीटर निचऱ्याचे पाईप पुरलेत, ते चरांत पाणी सोडतात आणि पंप ते उचलून बाहेर टाकतात, रोज, अजूनही. आपल्याकडे शिरोळ-वाळव्याच्या शेतांत सच्छिद्र पाईप घालून चिबड जमीन सुधारतात, तेच तंत्र, फक्त इथे उसाऐवजी ओक.

पण पाणी काढायचं कशाला? झाडाला पाणीच तर हवं असतं. इथे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गडबड आहे, ती म्हणजे "झाडं ऑक्सिजन देतात". देतात, पण पानं, आणि तीसुद्धा उजेडात. मुळं अंधारात असतात, त्यांना प्रकाशसंश्लेषण जमत नाही, ती तुमच्याआमच्यासारखी ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. चोवीस तास. वरून पानांनी साखर पाठवायची आणि खाली मुळांनी ती ऑक्सिजनवर जाळून ऊर्जा काढायची असा व्यवहार आहे. ती ऊर्जा कशाला? मातीतलं नायट्रेट, पोटॅश ओढून घ्यायला, नवीन टोकं वाढवायला.

हा ऑक्सिजन मुळाला मिळतो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. चांगल्या मातीत जवळजवळ अर्धी जागा पोकळी असते, काही पोकळ्यांत पाणी, काहींत हवा. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की खेळ संपला. का, तर एक लिटर हवेत साधारण 280 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो आणि 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात फक्त 9 च्या आसपास, म्हणजे तीस पट कमी. बरं आहे तो तरी पोचेल? तर ऑक्सिजनचा रेणू स्थिर पाण्यातून हवेपेक्षा जवळजवळ दहा हजार पट हळू सरकतो. दोन्ही मिळून गुणाकार करा, पुरवठा तीन लाख पट बारीक होतो. मुळं आणि मातीतले जिवाणू मिळून उरलासुरला ऑक्सिजन उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत संपवतात. मग जिवाणू नायट्रेटवर श्वास घ्यायला लागतात, ते संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि सल्फेटवर आले की सडक्या अंड्याचा वास. गाळात पाय रुतला की येतो तोच.

मुळाची पेशी तोवर काय करते? ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजमागे तिला एटीपीचे, म्हणजे ऊर्जेच्या सुट्ट्या नाण्यांचे, तीसच्या आसपास रेणू मिळतात. नसताना ती आंबवण्यावर येते आणि मिळतात दोन. गाडीभर ऊस घालून वाटीभर साखर हातात यावी तसं. आता इथून पुढे थोडं अवघड आहे, पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे म्हणून सांगणारच. पेशीच्या पडद्यात पाणी आत यायला खास दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रोटीन. ऊर्जा कमी पडली की पेशीतून प्रोटॉन बाहेर ढकलणारे पंप मंदावतात, आतली आम्लता वाढते, आणि त्या दाराच्या आतल्या बाजूला हिस्टिडीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं त्याला प्रोटॉन चिकटतो. चिकटला की प्रोटीनचा एक फास वळतो आणि दार बंद. एका प्रोटॉनने. परिणाम काय, मूळ पाण्यात बुडालेलं आणि पाणी आत घेता येत नाही, वर पानं माना टाकतात. कुंडीतली तुळस मलूल दिसते, आपण म्हणतो अगं बाई सुकली, आणि अजून एक तांब्या ओततो. तहानेनेच मरते ती, पाण्यात उभी राहून. किती तुळशी अशा घालवल्यात ते आई सांगत नाही.

हे सगळं मी तिला सांगत होतो, हिस्टिडीन वगळून, तर तिने मधेच हात केला. "म्हणजे वाफसा."

बरोबर. मी वीस मिनिटं जे बोलत होतो त्याला मराठीत एक शब्द आहे आणि तो मला सुचला नव्हता. ओलही आहे आणि हवाही खेळती आहे अशी मातीची अवस्था म्हणजे वाफसा. पेरणी वाफशावर करायची असते. आईने वाकून चराच्या वरच्या अंगाची मूठभर माती घेतली, दाबून लाडू केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. तीन-चार तुकडे झाले. "आलाय वाफसा," म्हणाली आणि हात माझ्या जॅकेटला पुसले. तर वीस हजार माणसांनी इथे मुळात काय बनवलं असेल तर हजार हेक्टर वाफसा. झाडं नंतर.

बरं, पण पाईप घातल्या घातल्या लगेच ओक लावला आणि वाढला असं नाही होत. नुकत्या उपसलेल्या जमिनीत सुरुवातीला अल्डर, पॉप्लर, बर्च अशी दणकट आणि भराभर वाढणारी झाडं घातली, ती पाणी शोषून जमीन कोरडी करतात आणि सावली देतात, त्यांच्या आडोशाला ओक आणि बीच मोठे होतात. ह्यात अल्डर माझा हिरो. हिमालयात ह्याचाच भाऊ आहे, उतीस म्हणतात, नागालँडच्या खोनोमा गावात त्याच्याभोवती शेतीची अख्खी पद्धत उभी आहे. अल्डर चक्क पाण्यात पाय सोडून उभा राहतो. कसा, तर त्याच्या सालीवर बारीक छिद्रं असतात आणि आत हवेच्या पोकळ्या मुळापर्यंत जातात. भाताच्या रोपात हीच युक्ती आहे म्हणून भात चिखलात जगतो आणि ज्वारी पिवळी पडते. तिवराचं झाड श्वास घेणारी मुळं चिखलातून वर काढतं, ठाण्याच्या खाडीकाठी बघितली असतील पेन्सिली रोवल्यासारखी, तोही हाच उद्योग.

अल्डरमध्ये आणखी एक भानगड आहे. उन्हात खोड तापलं की मुळांकडे जाणारा ऑक्सिजन वाढतो. का? आधी एक स्पष्टीकरण आलं की खोड आतून गरम आणि बाहेरची हवा गार असेल तर अतिबारीक छिद्रांतून गार बाजूचे रेणू आत जास्त शिरतात, आत थोडा दाब तयार होतो, आणि तो दाब हवा खाली ढकलतो. पंख्याशिवाय पंप! मी ह्यावर फिदा होतो. मग दुसऱ्या गटाने मोजून सांगितलं की कोवळ्या अल्डरमध्ये दाबाचं एवढं काही नाही, सालीच्या खाली हिरवा थर असतो, तो उजेडात तिथेच ऑक्सिजन बनवतो आणि तोच खाली झिरपतो. ऊन पडलं की ऊब आणि उजेड दोन्ही एकत्र येतात, त्यामुळे कोणामुळे काय हे वेगळं काढायचीच मारामारी. मला पंपवाली गोष्ट जास्त आवडते पण आवडण्यावर विज्ञान चालत नाही, दुसऱ्या गटाची मोजणी जास्त पटते.

त्या दिवशी अजून एक गोष्ट दिसली. ऑक्टोबरात सगळी झाडं पिवळी-तांबडी, पण अल्डरखाली हिरवीगार पानं पडलेली. मला आधी वाटलं वाऱ्याने पडली. नाही, अल्डर पानं हिरवीच टाकतो. बाकीची झाडं पान टाकण्याआधी त्यातला नायट्रोजन काढून परत खोडात साठवतात, काटकसर. अल्डरला गरजच नाही, त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून देतात. भुईमुगाच्या गाठीत रायझोबियम असतो तसं, पण हे वेगळं घराणं. कोकणातल्या सुरूच्या बनात सुरूच्या मुळांवरही हीच फ्रँकिया. घरी दुभतं असल्यावर दूध मोजून कोण पितं. ती हिरवी पानं कुजून माती नायट्रोजनने श्रीमंत होते, आणि श्रीमंत माती कोणाला आवडते? नेटलला. म्हणजे माझ्या पोटऱ्यांवर जे उठलं होतं त्याची साखळी फ्रँकियापर्यंत नेता येते.

परत येताना गाडीत मोबाईल बघितला तर फॅमिली ग्रुपवर काकांचा मेसेज, पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो, नासाने मान्य केलंय, दहा जणांना पाठवा. दर पंधरा दिवसांनी येतो. ऑक्सिजन येतो पाण्याचा रेणू फोडून आणि तो फोडायला उजेड लागतो, रात्री पिंपळ काय नि वड काय, सगळे आपल्यासारखेच श्वास घेतात. निवडुंगासारखी काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड साठवतात हे खरं, पण ऑक्सिजन तीही दिवसाच सोडतात. आणि घाबरायचंही कारण नाही, रात्री झाडाखाली झोपलेला माणूस झाडाच्या श्वासाने गुदमरत नाही. आपल्या शहरांत हल्ली "ऑक्सिजन पार्क" अशा पाट्या लागतात, पाच हजार स्क्वेअर फूट हिरवळ आणि एक कारंजं. हवेत 21 टक्के ऑक्सिजन चौकातही असतो आणि पार्कातही. पार्कात बरं वाटतं ते सावलीने, गारव्याने, धूळ आणि हॉर्न कमी असल्याने. तेवढं पुरेसं आहे की, त्याला हॉस्पिटलचं नाव कशाला.

आई मेसेज वाचून म्हणाली पिंपळाचं राहू दे, इथली घरं लाकडावर उभी आहेत म्हणतात ती कशी कुजत नाहीत? हाही परत तोच प्रश्न. आम्स्टर्डामच्या राजवाड्याखाली 13,659 लाकडी खांब आहेत, बांधकाम 1648 ला सुरू झालेलं. खांब भूजलाखाली आहेत, तिथे ऑक्सिजन नाही, आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ऑक्सिजन लागतो. जे मुळाला मारतं तेच खांबाला वाचवतं. उन्हाळ्यात भूजल खाली गेलं आणि खांबाचं डोकं उघडं पडलं की कुजायला सुरुवात. आमच्या गावाचं नाव आम्स्टलफेन, त्यातल्या फेनचा अर्थ पीट, म्हणजे हवा न मिळाल्याने हजारो वर्षं न कुजता साठलेल्या वनस्पती. पीट कोरडं केलं की त्याला हवा लागते, ते जळल्यासारखं हळूहळू संपतं आणि जमीन खचते, मग अजून पाणी उपसायचं, मग अजून खचते. शिरोळमध्ये पाणी देऊन जमीन गेली, इथे पाणी काढून जाते.

"आणि पंप बंद पडले तर?" आईने विचारलं. तर चर भरतील, पोकळ्या भरतील, आधी बीच जाईल, मग कधीतरी ओक. अल्डर उभा राहील. बॉल त्याच्याच बुडाशी कुठेतरी पडलाय अजून.