सेकंड लाइन (न्यू ऑर्लीन्स)

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लीन्स शहरात कृष्णवर्णीयांची परस्पर साहाय्य मंडळे ब्रास बँड लावून रस्त्यावर जी मिरवणूक काढतात, तिला सेकंड लाइन म्हणतात. मंडळाचे सभासद, मानकरी आणि बँड ही पुढची मुख्य रांग. तिच्या मागे आणि दोन्ही अंगांनी नाचत चालणारी सगळी वस्ती म्हणजे दुसरी रांग, आणि पुढे याच दुसऱ्या रांगेचे नाव अख्ख्या मिरवणुकीला लागले. तिचे दोन प्रकार आहेत. एक मयतीची मिरवणूक आणि दुसरी मंडळाची वार्षिक मिरवणूक. जॅझच्या इतिहासात हिचा उल्लेख नेहमी ट्रम्पेटपासून सुरू होतो. पण ही प्रथा समजून घ्यायची तर सुरुवात मंडळाच्या वर्गणीपासून करावी लागते.

मंडळे

न्यू ऑर्लीन्स हे मिसिसिपी नदीकाठी १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवलेले शहर. मधली काही दशके ते स्पेनकडे होते आणि १८०३ मध्ये अमेरिकेने लुइझियाना प्रांत विकत घेतला तेव्हा तेही अमेरिकेत आले. गुलामांच्या खरेदी-विक्रीची ही मोठी बाजारपेठ होती. तरीही येथे यादवी युद्धाच्या कितीतरी आधीपासून स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा मोठा वर्ग होता. त्यात सुतार, गवंडी, लोहार होते, वादकही होते. गुलामीतल्या आफ्रिकनांना रविवारी शहराच्या कडेच्या एका मोकळ्या मैदानात जमून ढोल वाजवायला, नाचायला आणि बाजार मांडायला मुभा असे. १८१७ च्या वटहुकुमाने असे जमणे एकाच ठरावीक जागेपुरते बांधून टाकले. तीच जागा काँगो स्क्वेअर. आज ती लुई आर्मस्ट्राँग उद्यानात आहे.

या मैदानाला लागूनच ट्रेमे ही वस्ती आहे. देशातल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये तिची गणना होते. (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच वस्तीत हुगली परिसरातले, चिकनचे कापड विकणारे बंगाली मुसलमान फेरीवालेही राहत. त्यांच्यापैकी काहींनी इथल्या घरांत सोयरिकी केल्या.) रेल्वेत गोऱ्यांसाठी राखीव डब्यात बसून १८९६ च्या गाजलेल्या खटल्याला कारण ठरलेला होमर प्लेसी हा ट्रेमेत राहणारा चांभारकाम करणारा माणूस. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले, आणि दक्षिणेतल्या वर्णभेदाला पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कायद्याचा आधार मिळाला.

गुलामी संपली तरी कृष्णवर्णीय मजुराला विमा मिळत नव्हता, आणि मिळालाच तर परवडत नव्हता. गोऱ्यांच्या बऱ्याच दवाखान्यांची आणि दफनभूमींची दारे त्याला बंद होती. म्हणून लोकांनी आपापल्या गल्लीत, चर्चमध्ये किंवा एका धंद्यातल्या माणसांत मंडळे काढली. दरमहा वर्गणी द्यायची, आजारी पडल्यास मंडळाचा डॉक्टर आणि औषध मिळायचे, कमावता माणूस गेला तर घरच्यांना हातभार लागायचा आणि मयत बँडसह, मानाने व्हायची. शहरात जमिनीखालचे पाणी फार वर आहे. त्यात भर फ्रेंच-स्पॅनिश रिवाजाची, म्हणून इथली थडगी जमिनीवर बांधलेली असतात आणि ती महाग पडतात. काही मंडळांनी त्यासाठी सामाईक थडगी बांधली. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाची वर्गणी आणि मिरवणूक डोळ्यांपुढे आणली तर मराठी वाचकाला या रचनेची कल्पना येईल. मात्र इथे वर्गणीवर पहिला हक्क आजाऱ्याचा आणि मृताचा.

१८८४ मध्ये स्थापन झालेली यंग मेन ऑलिम्पियन ही संस्था आजही मिरवणूक काढते. १९०९ मध्ये प्रथम रस्त्यावर उतरलेल्या आणि १९१६ मध्ये रीतसर नोंदलेल्या झुलू मंडळाची प्रसिद्धी मुख्यतः मार्डी ग्रा या कार्निव्हलमुळे आहे. १९४९ साली जॅझचा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग त्या मंडळाचा राजा म्हणून रथावर बसला. त्याचे बालपण याच शहराच्या गरीब भागात गेले होते आणि लहानपणी तो या बँडच्या मागे मागे हिंडला होता. जगभर नाव झाल्यावरही त्याला या मानाचे अप्रूप होते. पुढे सरकारी निवृत्तिवेतन आणि विमा कृष्णवर्णीयांच्या आवाक्यात आल्यावर मंडळांचे आर्थिक काम आटत गेले, मिरवणूक मात्र वाढली. या संस्थांच्या नावात अजूनही 'सोशल एड' आणि 'प्लेझर' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी असतात. मदत आणि मौज ही दोन वेगळी खाती इथे कधी मानली गेली नाहीत.

मयतीची मिरवणूक

चर्चमधली किंवा अंत्यविधीगृहातली प्रार्थना संपली की शवपेटी बाहेर येते. बँड संथ लयीत एखादे भजन धरतो, बहुधा 'जस्ट अ क्लोजर वॉक विथ दी'. पुढे मानकरी असतो. काळा पोशाख, छातीवर आडवा पट्टा, हातात काढून धरलेली टोपी. तो पाऊल टाकतो, क्षणभर थांबतो, मग दुसरे पाऊल टाकतो. लहान ढोलाच्या खालच्या तारा जुन्या रीतीप्रमाणे सैल केलेल्या असतात, त्यामुळे त्याचा तडतडाट जाऊन नुसता बोदा ठोका उरतो.

पूर्वी हे दफनभूमीपर्यंत चालत असे. आता दफनभूमी दूर असतात, तेव्हा काही अंतरावर मिरवणूक थांबते, लोक दोन्ही बाजूंना सरकून वाट करून देतात आणि शववाहिनी त्यांच्यामधून पुढे निघून जाते. याला इथले लोक 'देह मोकळा करणे' म्हणतात. गाडी पुरेशी पुढे गेली की ढोलकरी तारा आवळतो, ट्रम्पेटवाला एक हाकारा देतो आणि तोच बँड दुप्पट लयीत वाजू लागतो. आतापर्यंत हातात हात धरून चालणारी माणसे नाचू लागतात. शोक संपला म्हणून हे नाचणे नसते. मृताला पोहोचवण्याचे कर्तव्य नीट पार पडले आणि आता त्याचा प्रवास सुखाचा व्हावा, हा त्यामागचा भाव. पश्चिम आफ्रिकेतून आलेली मृत्यूविषयीची समजूत, ख्रिस्ती भजने आणि युरोपीय लष्करी बँडची शिस्त या तिन्ही गोष्टी इथे एकमेकींत इतक्या मुरल्या आहेत की त्या वेगळ्या काढून दाखवणे व्यर्थ आहे.

हा मान मुळात मंडळाच्या सभासदांचा आणि वादकांचा. गेल्या काही दशकांत गोळीबारात गेलेल्या तरुण मुलांसाठीही वस्तीने बँड बोलावायला सुरुवात केली. जुन्या वादकांना त्यातली घाई आणि मधली संथ लय गाळून टाकणे रुचत नाही. तरुणांचे म्हणणे असे की ज्याच्या वाट्याला आयुष्यात मानाचे काही आले नाही, त्याला निदान शेवटी तरी रस्ता मिळावा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि हा वाद म्हणजे प्रथा जिवंत असल्याची खूण आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

रविवारची मिरवणूक

उन्हाळ्याच्या अखेरीपासून पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जवळपास दर रविवारी एका ना एका मंडळाची वार्षिक मिरवणूक असते. ती दुपारी निघते आणि सुमारे चार तास चालते. त्या दिवसासाठी सभासद वर्षभर पैसे साठवतात. सूट, टोपी, बूट, अंगावरचा पट्टा, शहामृगाच्या पिसांचा आणि मंडळाचे नाव कोरलेला भलामोठा पंखा, हे सगळे एका रंगात. रंग कोणता, हे मिरवणुकीच्या दिवसापर्यंत बाहेर फुटू द्यायचे नाही. या खर्चावर बाहेरचे लोक नाके मुरडतात. पण आठवडाभर हॉटेलात भांडी घासणाऱ्याने किंवा बंदरावर ओझी उचलणाऱ्याने वर्षातून एक दिवस शहराच्या मधोमध राजासारखे चालणे, ही चैन नव्हे.

सगळ्यांत पाहण्यासारखा क्षण म्हणजे दारातून बाहेर येणे. एखाद्या बारचे किंवा सभागृहाचे दार असते, बाहेर रस्ता माणसांनी भरलेला असतो, बँड दाराकडे तोंड करून वाजवत असतो. दार उघडते आणि सभासद एकदम न येता एकेक करून येतात. प्रत्येकाला उंबऱ्यावर आपले नाचणे दाखवायला अवसर मिळतो. कोणी गुडघ्यात वाकून पावलांचे बारीक काम करतो, कोणी पंखा फिरवत गिरकी घेतो, सत्तरीची बाई नुसते खांदे हलवते आणि गर्दी तिच्याच नावाने ओरडते. मग सगळे रस्त्यावर उतरतात. काही जण दोन्ही बाजूंनी दोर धरून चालतात. दोराच्या आत मंडळ आणि बँड, बाहेर दुसरी रांग. पाहुण्याने दोराच्या आत शिरायचे नसते. बाहेर मात्र नाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

बँडमध्ये ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि खांद्यावर वेटोळे घातल्यासारखा सूझाफोन असतो. मोठा ढोल आणि लहान ढोल दोन वेगळे वादक वाजवतात. मोठ्या ढोलाच्या डोक्यावर एक झांज बसवलेली असते. वादक एका हाताने टोल देतो आणि दुसऱ्या हातातल्या वाकवलेल्या तारेने, पुष्कळदा कपड्याच्या हँगरच्या तारेने, ती झांज वाजवतो. चौथ्या मात्रेवर आणि तिच्या किंचित पुढे पडणारा तो वजनदार ठोका या चालीचा प्राण आहे. हाच ठोका पुढे अर्ल पामर, स्मोकी जॉन्सन यांच्यासारख्या स्थानिक ड्रमवादकांनी स्टुडिओत नेला आणि रिदम अँड ब्लूज, रॉक अँड रोल, फंक यांच्या तालात तो मुरला.

वाटेत बार, एखाद्या जुन्या सभासदाचे घर, दिवंगताची ओसरी असे थांबे ठरलेले असतात. मिरवणुकीबरोबर टेम्पोवर शेगडी मांडून मांस भाजणारे, बर्फातल्या बाटल्या विकणारे आणि याका मीन हे शेवयांचे मसालेदार सूप विकणारे चालतात. रविवारचा हा छोटा बाजार कित्येक घरांची कमाई आहे.

रस्ता कोणाचा

ट्रेमेतला क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यू हा कृष्णवर्णीयांच्या व्यापाराचा कणा होता. मधोमध ओक वृक्षांची रुंद सावली होती. लोक तिथे सहलीला बसत, कार्निव्हल तिथेच भरे. १९६६ मध्ये ती झाडे तोडली गेली आणि त्यांच्या जागी आंतरराज्य महामार्गाचा उन्नत पूल उभा राहिला. दुकाने बसली, घरे गेली. मंडळांनी तो रस्ता सोडला नाही. मिरवणुका आजही पुलाखालून जातात. तिथे काँक्रीटच्या छतामुळे पितळेचा आवाज कितीतरी पटीने घुमतो, म्हणून बँड मुद्दाम थबकून वाजवतात.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळात बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. २००० च्या जनगणनेत ४,८४,६७४ असलेली लोकसंख्या २०१० मध्ये ३,४३,८२९ वर आली. ह्यूस्टन, अटलांटा, बॅटन रूजला विखुरलेले सभासद रविवारी कित्येक तास गाडी चालवून मिरवणुकीला येत. कोण कुठे आहे, कोणाचे घर उभे राहिले, कोण गेले, याची खबर तिथेच मिळे. जानेवारी २००६ मध्ये अनेक मंडळांनी मिळून 'आम्ही परतलो' हे सांगणारी मोठी मिरवणूक काढली. त्या दिवशी झालेल्या गोळीबारानंतर पोलिसांनी परवान्याचे शुल्क भरमसाट वाढवले. मंडळांनी एकत्र येऊन संघराज्य न्यायालयात दावा लावला. रस्त्यावर अशा रीतीने जमणे हा अभिव्यक्तीचा हक्क आहे, असा त्यांचा मुद्दा होता. २००७ मध्ये तडजोड होऊन शुल्क कमी झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ट्रेमेमध्ये नुकताच वारलेला ट्यूबावादक कर्विन जेम्स याच्यासाठी संध्याकाळी निघालेली मिरवणूक पोलिसांनी अडवून वादकांना अटक केली, तेव्हा शहरभर संताप उसळला. ज्या संगीताच्या नावावर शहर पर्यटक बोलावते, तेच संगीत आपल्या गल्लीत वाजवणे गुन्हा ठरावा, ही विसंगती मंडळांच्या लोकांनी फार स्पष्टपणे मांडली आहे.

१२ मे २०१३ रोजी, मातृदिनी, ओरिजिनल बिग सेव्हन मंडळाच्या मिरवणुकीत गोळीबार होऊन जवळपास २० माणसे जखमी झाली. काही आठवड्यांतच मंडळ त्याच वाटेने पुन्हा चालले. २०२० मध्ये कोविडने मात्र जे कोणाला जमले नव्हते ते केले. रस्ते रिकामे झाले. झुलू मंडळाचे अनेक सभासद दगावले, आणि पियानोवादक एलिस मार्सालिस यांच्यासारख्या थोर गुरूलाही बँडविना निरोप द्यावा लागला.

नवे बँड, आजची स्थिती

साठच्या दशकात ब्रास बँडची परंपरा म्हाताऱ्या हातांत उरली होती. न्यूयॉर्कहून परतलेले बँजोवादक डॅनी बार्कर यांनी १९७० च्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चमध्ये मुलांचा बँड उभा केला. त्यातून वादकांची एक पिढीच तयार झाली. १९७७ मध्ये डर्टी डझन आणि १९८३ मध्ये शाळकरी मुलांनी सुरू केलेला रिबर्थ हे बँड आले. त्यांनी बीबॉप ही जॅझची वेगवान शैली आणि फंक चालीत आणून लय वाढवली. रिबर्थला २०१२ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या धर्तीचे मणी आणि पिसांचे पोशाख वर्षभर हाताने शिवणारे कृष्णवर्णीयांचे 'मार्डी ग्रा इंडियन' गट ही याच वस्त्यांतली भावंड परंपरा. छायाचित्रकार सिल्व्हेस्टर फ्रान्सिस यांनी ट्रेमेतल्या एका जुन्या अंत्यविधीगृहात सुरू केलेल्या बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियममुळे दोन्ही परंपरांचे पोशाख आणि चित्रफिती जपल्या गेल्या.

आज हॉटेले आणि लग्नसमारंभ भाड्याच्या बँडसह छोटी 'सेकंड लाइन' काढतात. वादकांना त्यातून पोटापाण्याचे पैसे मिळतात, म्हणून तिला नावे ठेवणे बरोबर नाही. पण तिच्यात मंडळ नसते आणि वस्तीही नसते. खरी अडचण घरांची आहे. पर्यटकांना अल्पमुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांमुळे ट्रेमेतली भाडी चढली आहेत आणि ज्यांच्या आज्या-पणज्या या गल्ल्यांत राहिल्या, ते सभासद शहराच्या टोकाला गेले आहेत. रविवारी ते मिरवणुकीसाठी जुन्या वाटेवर येतात. कोणत्या मंडळाची मिरवणूक, कोठून निघणार, कोणता बँड, कुठे थांबे, याचे पत्रक मंडळे आधी वाटतात. डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे लोकवर्गणीवर चालणारे नभोवाणी केंद्रही ते प्रसारित करते.