निळ्या रक्तातून आलेली बुरशीची चाचणी

आयसीयूतल्या रुग्णाचा ताप उतरत नाही, अँटिबायोटिक्स बदलून झाली, ब्लड कल्चरमध्ये काही उगवत नाही. अशा वेळी डॉक्टर ‘बीटा-डी-ग्लुकन पाठवा’ म्हणतात. कॅन्डिडा ही बुरशी शरीरात खोलवर पसरलेली असली, तरी जवळपास निम्म्या रुग्णांत कल्चर निगेटिव्हच येतं. म्हणून बुरशी उगवायची वाट न पाहता तिच्या पेशीभित्तिकेतून रक्तात सुटलेली ग्लुकन ही साखर शोधायची. ही चाचणी मात्र बुरशीसाठी जन्मलीच नव्हती.

अमेरिकेत वुड्स होल इथे फ्रेडरिक बँग हे संशोधक हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्यावर काम करत होते. नाव खेकड्याचं, नातं विंचू-कोळ्यांशी, रक्त तांब्यामुळे निळं. काही जिवाणू टोचले की हे रक्त गोठतं, हे त्यांनी 1956 मध्ये मांडलं. पुढे 1964 मध्ये जॅक लेव्हिन आणि त्यांनी दाखवलं, की गोठवणारा सगळा ऐवज रक्तपेशींतच असतो. त्या पेशी फोडून काढलेल्या अर्काने सलाइन-इंजेक्शनांत जिवाणूंचं विष आहे का, हे तपासता येऊ लागलं. त्याआधी ते औषध सशाला टोचून ताप येतो का, हे बघत बसावं लागे.

पण हा अर्क विष नसतानाही कधीकधी गोठायचा. 1981 मध्ये जपानी संशोधकांना त्याचं कारण सापडलं: अर्कात गोठण्याची दुसरीही वाट होती आणि ती ग्लुकनमुळे उघडत होती. एका चाचणीची डोकेदुखी म्हणजे दुसरीचं भांडवल! विषाची वाट बंद ठेवून केलेली ग्लुकन-चाचणी जपानमध्ये 1990 च्या दशकात रुग्णांसाठी आली. अमेरिकेने 2004 मध्ये मान्यता दिली. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीच्या भित्तिकेतली गॅलेक्टोमॅनन ही साखर शोधणारी चाचणी तिथे वर्षभर आधीच आली होती, पण ती अँटिबॉडीवर चालणारी, वेगळ्या घराण्यातली.

ग्लुकन-चाचणीचीही फसण्याची खोड अजून सुटलेली नाही. सेल्युलोजच्या पडद्याचं डायलिसिस किंवा शस्त्रक्रियेत वापरलेला गॉझ, यांतूनही ग्लुकन रक्तात उतरतं आणि रिपोर्ट फसवा पॉझिटिव्ह येतो.

2021 मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’चे रुग्ण वाढले, तेव्हा या दोन्ही चाचण्यांचा फारसा उपयोग नव्हता. म्युकरच्या भित्तिकेत हे ग्लुकन नगण्य, गॅलेक्टोमॅनन तर नाहीच. शेवटी नाका-सायनसमधला तुकडा काढायचा, केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, रिबिनीसारखे धागे शोधायचे.