आईच्या दुधातील ऑलिगोसॅकॅराइडे

आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. लॅक्टोजच्या रेणूला इतर शर्करांच्या लहानमोठ्या साखळ्या जोडून त्या तयार होतात. त्यांना मानवी दुग्ध ऑलिगोसॅकॅराइडे म्हणतात. पाणी वगळले, तर दुधात लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल याच शर्करांचा क्रमांक लागतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील चिकात त्यांचे प्रमाण लिटरमागे २० ते २५ ग्रॅम असते आणि पुढच्या दुधात ते ५ ते १५ ग्रॅमपर्यंत उतरते. दुधातील प्रथिने लिटरमागे साधारण १० ग्रॅम असतात, हे पाहिले की या शर्करांचा वाटा लक्षात येतो. बाळंतीण स्वतःची ऊर्जा खर्चून त्या बनवते, बाळ त्या गिळते आणि त्या जवळजवळ जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे त्यांच्यावर जगणारे जिवाणू बाळाच्या आरोग्याला पहिल्या दिवसांपासून वळण लावतात.

या शर्करांचे घटक पाचच: ग्लुकोज, गॅलॅक्टोज, एन-ॲसिटिल ग्लुकोसमाइन, फ्यूकोज आणि सियालिक आम्ल. मात्र ते निरनिराळ्या क्रमाने आणि निरनिराळ्या ठिकाणी जोडले जात असल्याने आजवर दीडशेहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. यांतील दुवे तोडणारी विकरे (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतात. जेमतेम एक टक्का भाग रक्तात शोषला जातो आणि पुढे बाळाच्या लघवीत सापडतो. गाईच्या दुधात अशा शर्करा अगदी नाममात्र असतात, त्यांचे प्रकारही कमी असतात. गाईम्हशीच्या दुधाने किंवा साध्या पावडरच्या दुधाने बाळाचे पोट भरते, पण त्याच्या आतड्यातील जिवाणूंचे हे खाद्य त्यात जवळजवळ नसते.

या शर्करांचा शोध बाळांच्या मलाच्या तपासणीतून लागला. १८८० च्या दशकात जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी तान्ह्या मुलांच्या आतड्यातील जिवाणूंचा पद्धतशीर अभ्यास केला. ई. कोलाय या जिवाणूच्या नावातील ‘ई’ त्यांच्याच आडनावावरून आली. १९०० च्या सुमारास एर्न्स्ट मोरो आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आंरी तिसिये यांना दिसले की अंगावर पिणाऱ्या आणि वरचे दूध पिणाऱ्या बाळांच्या आतड्यांतील जिवाणू सारखे नसतात. तिसिये यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या मलातून दोन फाटे फुटलेल्या आकाराचा एक जिवाणू वेगळा काढला. पुढे त्याचा समूह बिफिडोबॅक्टेरियम या नावाने ओळखला जाऊ लागला. हा जिवाणू आईच्या दुधावरच एवढा का फोफावतो, याचे उत्तर मिळायला मात्र अर्धे शतक जावे लागले. १९३३ मध्ये जर्मनी सोडून पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले बालरोगतज्ज्ञ पॉल ग्यॉर्गी आणि हायडेलबर्गचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कून यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की हा ‘बिफिडस घटक’ म्हणजे दुधातील हीच ऑलिगोसॅकॅराइडे होत.

या जिवाणूंपैकी सर्वांत लक्षणीय उपजाती म्हणजे बिफिडोबॅक्टेरियम लाँगम इन्फँटिस. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी तिचा संपूर्ण जनुकसंच वाचला. त्यात सुमारे ४३ हजार बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या ‘अक्षरां’चा, एक सलग पट्टा सापडला. या शर्करा ओळखून पकडणारी, पेशीत ओढून घेणारी आणि तिथे तोडणारी अशी सगळी जनुके त्या एकाच पट्ट्यात शेजारीशेजारी होती. इन्फँटिस अखंड साखळी पेशीच्या आत घेते आणि मगच एकेक दुवा तोडते. त्यामुळे बाहेर काहीच सांडत नाही आणि शेजारच्या जिवाणूंच्या वाट्याला उष्टेही येत नाही. तिचीच नातेवाईक बिफिडम ही जाती याच्या उलट वागते. ती विकरे पेशीबाहेर ठेवून साखळी बाहेरच तोडते, त्यामुळे सुट्या झालेल्या शर्करा इतर बिफिडोबॅक्टेरियांनाही मिळतात. एकाच खाद्यावर जगणाऱ्या दोन भावंडांच्या या दोन तऱ्हा पाहिल्या की आईचे दूध आणि हे जिवाणू किती दीर्घ काळ एकमेकांच्या सोबतीने घडत आले असतील याची कल्पना येते.

शर्करा खाऊन हे जिवाणू ॲसिटिक आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. दह्याला आंबटपणा येतो तो याच लॅक्टिक आम्लाने. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळसर, पातळसर असते आणि तिला किंचित आंबूस वास येतो. वरच्या दुधावरच्या बाळाची शी घट्ट आणि अधिक दुर्गंधी असते, हे घरातल्या अनुभवी बायकांना वासावरूनच कळते. आतड्यातील सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) पाचच्या आसपास आला की आम्ल न सोसणाऱ्या अनेक रोगकारक जिवाणूंना तिथे बस्तान बसवणे अवघड जाते. ॲसिटिक आम्लापासून होणारे ॲसिटेट आतड्याच्या अस्तरातील पेशींना बळकटी देते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून हे जिवाणू इंडोल लॅक्टिक आम्लही तयार करतात आणि ते बाळाच्या नवख्या प्रतिकारसंस्थेचा दाह आवरते, असे २०२१ मधील एका अभ्यासातून पुढे आले. औद्योगिक देशांत मात्र इन्फँटिस दुर्मिळ होत चालली आहे. २०१८ मधील एका आढाव्यानुसार स्तनपान करणाऱ्या बाळांच्या मलाचा सामू गेल्या शतकभरात सुमारे ५ वरून ६.५ पर्यंत चढला आहे. सिझेरियन प्रसूती, प्रतिजैविके आणि बाटलीच्या दुधाच्या पिढ्या ही कारणे त्यामागे धरली जातात. खाद्य आहे पण खाणारा जिवाणूच नाही, अशा बाळांच्या शीमध्ये न पचलेल्या शर्करा तशाच बाहेर पडताना आढळतात.

या शर्करांचे दुसरे काम जिवाणूंच्या मदतीशिवायच चालते. अनेक रोगजंतू आतड्याच्या पेशींवरील शर्करांना चिकटून आत शिरतात. दुधातील काही ऑलिगोसॅकॅराइडे हुबेहूब त्याच रचनेची असतात. जंतू त्यांनाच चिकटतो आणि शीबरोबर बाहेर जातो. मेक्सिको सिटीतील स्तनपान करणाऱ्या बाळांच्या २००४ मधील अभ्यासात, ज्या आयांच्या दुधात २'-फ्यूकोसिल-लॅक्टोज या ऑलिगोसॅकॅराइडचा वाटा जास्त होता त्यांच्या बाळांना कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे होणारे जुलाब कमी झाल्याचे दिसले.

प्रत्येक आईच्या दुधात या शर्करांचा मेळ वेगळा असतो. एफयूटी-२ हे जनुक कार्यरत असेल तरच २'-फ्यूकोसिल-लॅक्टोज मोठ्या प्रमाणात तयार होते. याच जनुकामुळे रक्तगटाचे प्रतिजन लाळेतही उतरतात, म्हणून अशा स्त्रियांना ‘स्रावी’ म्हणतात. युरोपीय वंशाच्या सुमारे २० टक्के स्त्रियांत हे जनुक निकामी असते. त्यांचे दूध कमी प्रतीचे असते, असा अर्थ कुणीही काढू नये. त्यात इतर प्रकारच्या शर्करा भरपूर असतात आणि त्यांची बाळेही चांगली वाढतात. आईचा आहार आणि पोषण यांचाही या मेळावर थोडाफार परिणाम होतो. मलावीतील २०१६ मधील अभ्यासात, ज्या बाळांची वाढ गंभीरपणे खुंटली होती त्यांच्या आयांच्या दुधात सियालिक आम्लयुक्त शर्करा कमी आढळल्या. या विषयात सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा हाच आहे, कारण कुपोषणाचा धागा इथे एका पिढीतून पुढच्या पिढीत गेलेला दिसतो. बांगलादेशात तीव्र कुपोषित तान्ह्या बाळांच्या आतड्यांत इन्फँटिस फार कमी आढळली. त्यांना ती चार आठवडे दिल्यावर वजनवाढ सुधारली, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात या प्रश्नाला महत्त्व आहे ते नवजात बाळांच्या जंतुदोषामुळे. ओडिशाच्या ग्रामीण भागात साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम हा जिवाणू आणि त्याच्यासाठी वनस्पतिजन्य शर्करा दिल्यावर जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. इथली शर्करा दुधातली नव्हती, पण जिवाणू आणि त्याचे खाद्य बरोबरीने देण्याची कल्पना तीच. ही बाळे साधारण पूर्ण दिवसांची आणि बऱ्या वजनाची होती, हे विसरता कामा नये. अकाली जन्मलेल्या बाळांची गोष्ट वेगळी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त मानलेले जिवाणू असलेले उत्पादन दिलेल्या एका अकाली बाळाच्या मृत्यूनंतर रुग्णालयांना सावध केले. त्यामुळे दुकानातून प्रोबायोटिक थेंब आणून तान्ह्याला स्वतःहून देणे हा धोका कुणी पत्करू नये.

पावडरच्या दुधातही आता या शर्करा मिसळल्या जातात. युरोपीय संघाने २०१६ मध्ये २'-फ्यूकोसिल-लॅक्टोजला मंजुरी दिली. ती कारखान्यात जनुकबदल केलेल्या जिवाणूंकडून, बहुधा ई. कोलायकडूनच, आंबवून तयार करतात. आईला काही कारणाने पाजता येत नसेल, तर अशी भर पडलेले दूध स्वागतार्हच आहे. परंतु दीडशेहून अधिक शर्करांच्या जागी एक, दोन किंवा फार तर पाचसहा शर्करा घातल्याने ते आईच्या दुधासारखे होत नाही. डब्यावरील मोठ्या अक्षरांतून मात्र तसेच वाटावे अशी मांडणी जगभर केली जाते. भारतात १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात करण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

आपल्याकडे घरोघरी अजूनही पहिले पिवळे दूध पिळून टाकणे, बाळाला मध चाटवणे, सहाणेवर उगाळलेली घुटी देणे हे प्रकार चालतात. चिकातच या शर्करा सर्वाधिक असतात, म्हणून तो टाकणे म्हणजे जिवाणूंची पहिली आणि सर्वांत घसघशीत शिदोरी टाकणे होय. मधाने आणखी एक धोका ओढवतो. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती अजून पक्की झालेली नसल्याने ते तिथे रुजू शकतात. म्हणून वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ मधील फेरीनुसार भारतात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळे निव्वळ आईच्या दुधावर होती, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे ४१.८ टक्केच होती. उष्टावणानंतर डाळभात, भाज्या, फळे सुरू झाली की इतर जिवाणू आतड्यात येतात, बिफिडोबॅक्टेरियांचा वाटा घटतो आणि तीन वर्षांच्या आसपास जिवाणूंची वस्ती मोठ्या माणसासारखी होते.

अकाली बाळांच्या आतड्याचा भाग मरण्याचा एक भयंकर आजार आहे. त्यात या शर्करांपैकी डायसियालिल-लॅक्टो-एन-टेट्राओज विशेष संरक्षक असावी, असे उंदरांवरील प्रयोगांतून २०१२ मध्ये दिसले. नंतर खुद्द बाळांच्या अभ्यासांतही, ज्यांना तो आजार झाला त्यांना मिळालेल्या दुधात ती कमी असल्याचे आढळले. अशा बाळांना आईचे दूध मिळत नसेल तर दुसऱ्या आईचे दान केलेले दूध देतात. आशियातील पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पेढीत दान आलेले दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवतात. या तापवण्यात जिवाणू मरतात, काही विकरे आणि प्रतिपिंडे कमी होतात, पण ऑलिगोसॅकॅराइडे जवळजवळ अबाधित राहतात.