इंजिन एका जागी अडकतंय? आधी पिस्टन घासणं थांबवा

(२० मिमी बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाच्या, उभ्या वाफेच्या इंजिनाचा कास्टिंग संच, म्हणजे ओतलेले कच्चे भाग, घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा फोन असा असतो: “इंजिन जोडून झालं. हाताने फ्लायव्हील फिरवलं की फिरतं, पण एका जागी आलं की जड जातं. पिस्टन टाइट असणार. पॉलिश पेपरने थोडा उतरवला, फरक पडला नाही. अजून उतरवू का?”

नका उतरवू. हे पत्रक त्यासाठीच छापलं आहे.

पिस्टन खरोखर टाइट असेल तर तो सिलिंडरमध्ये वरपासून खालपर्यंत सारखाच टाइट लागतो. खात्री करायची तर पिस्टन आणि रॉड सुटा काढा, झाकणं काढून ठेवा, नुसता पिस्टन तेल लावून बोअरमधून आरपार सरकवा. सगळीकडे एकसारखा जात असेल तर पिस्टन निर्दोष आहे, त्याला हात लावू नका. फेऱ्यात एकाच ठिकाणी जड जाणं म्हणजे सिलिंडरचा बोअर, ग्लँडचं भोक (खालच्या झाकणात रॉड जिथून बाहेर येतो ते) आणि क्रॉसहेडचा गाइड (पिस्टन रॉड आणि कनेक्टिंग रॉड जोडणारा तुकडा ज्यात सरकतो तो) या तिन्ही गोष्टी एका रेषेत नाहीत. रॉड सरळ आहे, पण त्याला वाकडं चालावं लागतंय.

पिस्टन घासल्याने काय होतं ते आम्ही बाकावर रोज बघतो. पहिल्यांदा थोडं हलकं वाटतं, कारण पिस्टनला आता तिरकं व्हायला जागा मिळाली. मग वाफ पिस्टनच्या कडेने निसटू लागते. ताकद कमी पडते म्हणून प्रेशर वाढवलं जातं. काहीजण तर गॅरेजमधली व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून इंजिन ड्रिल मशीनने फिरवतात, ‘बसेल आपोआप’ म्हणून. त्या पेस्टचे कण गनमेटलच्या बुशात आणि ग्लँडमध्ये रुतून बसतात, धुऊन निघत नाहीत आणि पुढे इंजिन चालेल तितके दिवस रॉड खात राहतात. शेवटी फोन येतो की कास्टिंग खराब निघालं, दुसरं पाठवा.

नट अर्धा फेरा सैल करून बघा

काही न कापता, काही न घासता पाच मिनिटांत निदान करता येतं. ग्लँडमधलं पॅकिंग (वाफ अडवणारी दोरी) काढून टाका. व्हॉल्व्हचा रॉड एक्सेंट्रिकपासून (शाफ्टवरच्या, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या चकतीपासून) सोडा. आता सिलिंडर स्टँडर्डवर (खालच्या उभ्या खांबावर) धरून ठेवणारे सगळे नट फक्त अर्धा फेरा सैल करा आणि फ्लायव्हील बोटाने हळू फिरवा.

जडपणा गेला? मग दोष रेषेचा आहे. आता नट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळत जा आणि दर वेळी फ्लायव्हील फिरवत राहा. पूर्ण आवळल्यावरही हलकं फिरलं तर सिलिंडर नुसता सरकून बसला होता, काम झालं. पण शेवटच्या पाव फेऱ्यात जडपणा पुन्हा आला, तर सिलिंडरचं किंवा खालच्या झाकणाचं तोंड (बसण्याची सपाट बाजू) बोअरला काटकोनात नाही, हे नक्की समजा.

जड नेमकं कुठे जातं, तेही लक्षात घ्या. पिस्टन अगदी वर असताना क्रॉसहेड ग्लँडच्या जवळ आलेला असतो, म्हणून तिथे अडकलं तर बहुधा ग्लँड आणि गाइड यांचं जमत नाही. पिस्टन खाली, ग्लँडजवळ आल्यावर अडकलं तर ग्लँड आणि बोअर यांचं जमत नाही. नट सैल करूनही जडपणा जागेवरच राहिला तर कनेक्टिंग रॉडचा बिग एंड (क्रँककडचं टोक) सोडा आणि नुसता क्रँकशाफ्ट फिरवून बघा. तो एकटाच जड जात असेल तर शाफ्ट वाकला आहे किंवा बेअरिंगच्या टोप्या अदलाबदल झाल्या आहेत. टोप्यांवर खुणा करा असं ड्रॉइंगवर लिहिलेलं आहे. कुणी करत नाही.

एक गोष्ट वेगळी ओळखा: स्ट्रोकच्या टोकाला ‘टक्’ असा धातूचा आवाज येऊन इंजिन थांबत असेल तर पिस्टन झाकणावर आपटतोय. दोन्ही टोकांना साधारण ०.८ मिमी जागा हवी, ती रॉड क्रॉसहेडमध्ये आत-बाहेर फिरवून वाटून घ्या.

चूक लेथवर कुठे होते

बहुतेक ग्राहक सिलिंडर थ्री-जॉ चकमध्ये (तिन्ही जबडे एकत्र सरकणाऱ्या पकडीत) धरतात, बोअर मारतात, एक तोंड फेस करतात, म्हणजे सपाट कापतात. इथपर्यंत ठीक. मग जॉब उलटा फिरवून पुन्हा थ्री-जॉमध्ये, कास्टिंगच्या ओबडधोबड अंगावर धरतात आणि दुसरं तोंड फेस करतात. हे दुसरं तोंड बोअरला काटकोनात येणं निव्वळ नशिबावर असतं, आणि नेमकं तेच तोंड खाली बसवलं जातं.

नियम एकच: ज्या तोंडावर सिलिंडर बसणार, ते तोंड आणि बोअर एकाच सेटिंगमध्ये, म्हणजे एकदाच धरून. मध्ये चक सैल करायचा नाही. फोर-जॉ चकमध्ये (प्रत्येक जबडा वेगळा सरकतो त्यात) धरून, कोअरचं, म्हणजे ओतताना राखलेलं भोक बघून मध्य साधा, मग बोअर, मग तेच तोंड फेस, आणि त्या तोंडावर लगेच पंचने खूण. वरच्या तोंडासाठी मँड्रेल वापरा: चकमध्ये ॲल्युमिनियमचा किंवा एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा धरून किंचित निमुळता टर्न करा, तो चकमधून न काढता त्यावर सिलिंडर हलका दाबून बसवा आणि बारीक कट घ्या.

हाच नियम खालच्या झाकणाला. बसण्याचं तोंड, स्पिगॉट (बोअरमध्ये बसणारा उंचवटा) आणि रॉडचं भोक एकाच सेटिंगमध्ये. भोक ड्रिल करून रीमरने नेमक्या मापाला आणा. आधी झाकण टर्न करून मग रॉडचं भोक ड्रिल मशीनवर ‘मध्य बघून’ पाडलं तर ते मध्यावर येत नाही. स्टँडर्डलाही तेच: गाइडचा बोअर आणि वरचा फ्लँज एकत्र, पाय नंतर.

“आमचा लेथ चिनी मिनी लेथ आहे, त्यामुळे असं होतं” हे कारण आम्हाला पटत नाही. या मापाची इंजिनं हौशी लोकांनी पायाने चालवायच्या लेथवर केली आहेत. एका सेटिंगमध्ये केलेलं काम साध्या लेथवरही रेषेत येतं, आणि तीन वेळा फिरवून धरलेलं काम महागड्या लेथवरही आउट जातं.

बिडाचा पहिला कट मात्र भीत भीत घेऊ नका. वरच्या सालीत वाळूचे कण असतात, ०.१ मिमीचा कट तिच्यावर घासत राहतो आणि टूलची धार जाते. कार्बाइड टूलने एकदम १ मिमी खाली जा. आम्ही ३ मिमीची सूट ठेवतो ती त्यासाठीच. “एवढं मटेरियल कशाला ठेवता, वेळ जातो,” असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर.

तोंड वाकडं निघालं, आता काय?

बहुतेक वेळा सिलिंडर वाचतो. वर सांगितल्याप्रमाणे मँड्रेलवर चढवा आणि खालचं तोंड पुन्हा फेस करा. ०.१ ते ०.२ मिमी काढल्याने काही बिघडत नाही, टोकांची जागा फक्त पुन्हा वाटून घ्यावी लागते. झाकणाखाली एका बाजूला कागदाची घडी सरकवून रेष साधण्याचा उपाय करू नका. वाफ लागली की कागद दबतो आणि आठवड्याभरात पुन्हा तेच सुरू होतं. गॅस्केट एकच, पातळ, तेल लावलेलं, आणि ते फक्त गळती थांबवण्यासाठी.

कास्टिंग बदलून देण्याबद्दल

काही ग्राहक यावर नाराज होतात, म्हणून स्पष्ट लिहितो. कास्टिंगमध्ये पोकळी निघाली, किंवा कानस घसरावी इतका कडक पांढरा भाग निघाला, तर आम्ही ते बदलून देतो, त्यावर कितीही काम झालेलं असलं तरी. पातळ कोपऱ्यात बीड लवकर थंड होऊन असं कधी कधी होतं, तो ओतकामाचा दोष आहे. फोटो पाठवला तरी पुरतो. पण बोअर मोठा झाला, पोर्ट (वाफेची वाट) चुकीच्या जागी पडलं, पिस्टन उतरवला, तर नवा भाग विकतच घ्यावा लागेल. आम्ही लहान लॉट ओततो. इथे उद्यमनगरात पंपांची आणि ऑइल इंजिनांची कामं टनावारी चालतात, त्यात आमचे मूठभर सिलिंडर मध्ये घुसवून घ्यायला फाउंड्रीवाल्याच्या हातापाया पडावं लागतं. फुकट वाटण्याइतके आमच्याकडे ते नसतात.

“इंग्लंडहूनच संच का मागवू नये?” असंही विचारतात. जरूर मागवा. स्टुअर्ट टर्नर ही १९०६ सालची कंपनी, त्यांचं पाऊण इंच बोअर, पाऊण इंच स्ट्रोकचं ‘१० व्ही’ जगभर हौशी लोकांनी केलं आहे, आणि आमचा साचा त्याच धर्तीचा आहे हे आम्ही लपवत नाही. फरक इतकाच की आमचे सगळे आटे मेट्रिक आहेत, टॅप आणि डाय गल्लीतल्या दुकानात मिळतात, आणि कस्टम ड्युटी भरावी लागत नाही.

हवा, तेल, बॉयलर

पहिली चाचणी कॉम्प्रेसरवर घ्या, पण रेग्युलेटर लावून. रेषेत असलेलं इंजिन अर्ध्या बार दाबाच्या आसपास सावकाश फिरू लागतं. तीन बार दिल्याशिवाय हलत नसेल तर ते चालू झालं असं समजू नका. २० मिमीच्या पिस्टनवर तीन बारला साडेनऊ किलोच्या आसपास जोर येतो. एवढ्या जोराने वाकड्या रेषेतलं इंजिनही फिरतं आणि आतून स्वतःला खात राहतं. हवेवर फिरलं आणि वाफेवर अडकलं तर घाबरू नका. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. ड्रेन कॉक उघडे ठेवून, फ्लायव्हील हाताने फिरवत सिलिंडर तापू द्या.

तेल स्टीम सिलिंडरचंच हवं, घट्ट, व्हीजी ४६० ग्रेडचं. मोटारसायकलचं २०डब्ल्यू-४० ओल्या वाफेत टिकत नाही, पाण्याबरोबर पांढरा फेस होऊन वाहून जातं. आमच्याकडे १०० मिलीच्या बाटलीत सुटं मिळतं, कारण बाजारात ते मोठ्या कॅननेच घ्यावं लागतं.

बॉयलर तांब्याचाच, आणि सांधे सिल्व्हर ब्रेझिंगचेच, म्हणजे चांदीमिश्रित धातू वितळवून जोडलेले. पितळेतलं जस्त गरम पाण्यात हळूहळू निघून जातं आणि भिंत पोचट होते. शिसं-कथलाचं साधं सोल्डर १८३ अंशाच्या आसपास वितळतं. तीन बारला वाफच १४४ अंशांची असते, आणि पाणी संपलेल्या बॉयलरला ज्योत लागली तर मधलं अंतर संपायला वेळ लागत नाही. आमचा प्रत्येक बॉयलर थंड पाण्याने सहा बारला, म्हणजे चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबाला, तपासून दिला जातो आणि सोबत कागद असतो. पाणी दबत नाही, म्हणून सांधा सुटलाच तर नुसती धार येते. हवेने ही तपासणी कधीही करू नका. २५ लिटरपेक्षा लहान बॉयलरला सरकारी बॉयलर तपासणी लागत नाही, म्हणून ‘आमचा घरगुती आहे, चालतंय’ असं काहीजण म्हणतात. कायदा लागत नाही, पण वाफ तीच असते. सेफ्टी व्हॉल्व्हवर जास्तीचा वॉशर घालून आणलेला बॉयलर आम्ही दुरुस्तीला घेत नाही.

ज्यांना बोअरिंग नकोच

सिलिंडर बोअर आणि खालचं तोंड आम्ही एका सेटिंगमध्ये करून देतो, झाकणाचं आणि गाइडचंही. दर यादीत ‘अर्धा तयार संच’ म्हणून आहे. फोर-जॉ चक नसलेल्यांनी आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला शेवटचा महिना उरलेल्यांनी हाच घ्यावा. पोर्ट, व्हॉल्व्ह, क्रँक आणि फिटिंग यांत शिकण्यासारखं भरपूर उरतं. ज्यांना पूर्ण इंजिन स्वतःच करायचं आहे त्यांना आम्ही यासाठी गळ घालणार नाही. २० मिमीच्या बोअरचा तयार मँड्रेल मात्र घेऊन ठेवा.

माथेरानच्या गाडीचं इंजिन करून द्या, अशीही मागणी असते. १९०७ साली सुरू झालेल्या त्या लाइनवरच्या जर्मन इंजिनांचे टोकाचे आस वळणावर बाजूला सरकायचे, म्हणून ती एवढी वळणं घेत. ते सगळं लहान मापात उतरवणं पहिलं काम म्हणून घेऊ नये. हे उभं इंजिन अर्ध्या बारला फिरवून दाखवा, मग त्याच्या ड्रॉइंगबद्दल बोलू.

इंजिन तपासायला पाठवायचं असेल तर

तपासणी शुल्क आहे. तुम्ही पुढे आमच्याकडून भाग घेतलात तर त्यातून वजा होतं. फ्लायव्हील काढून वेगळ्या कागदात गुंडाळा, नाहीतर कुरिअरमध्ये पेटी पडली की क्रँकशाफ्ट वाकतो आणि मूळ दोष कुठला होता ते कुणालाच सांगता येत नाही. उघड्या बिडाला तेल लावा. कोणतं तोंड आधी केलं, जॉब कितीदा फिरवून धरला, हे चिठ्ठीवर लिहा. ड्रॉइंगवर पेनने केलेल्या खुणांचा फोटो जोडला तर आणखी बरं. आणि पिस्टन जसा आहे तसाच पाठवा.