तीन चतुर्थांश, पण कुणाचे? बेसल कराराच्या निर्यातबंदीची पार्श्वभूमी

नायजेरियातील कोको गावात सापडलेली इटालियन कचऱ्याची पिंपे, हैतीच्या किनाऱ्यावर ओतलेली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या जाळलेल्या कचऱ्याची राख ही श्रीमंत देशांचा कचरा गरीब देशांत टाकल्याची गाजलेली प्रकरणे. त्यातून १९८९ साली घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा बेसल करार झाला, १९९२ मध्ये लागू झाला. पण त्यात श्रीमंत देशांवर निर्यातबंदी नव्हती. लेखी कळवा, समोरच्या देशाचा होकार घ्या आणि मग माल हलवा, एवढीच पद्धत होती. गरज असलेल्या देशाकडून होकार मिळवणे फारसे कठीण नसते, ही तक्रार तेव्हापासूनची.

मार्च १९९४ मध्ये सदस्य देशांनी ठराव केला : ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) देशांतून इतर देशांत घातक कचऱ्याची विल्हेवाटीसाठी निर्यात ताबडतोब बंद आणि पुनर्वापरासाठीची १९९७ अखेर बंद. ठराव एकमताने झाला, आणि लगेच तो बंधनकारक कुठे आहे, असा प्रश्न निघाला. म्हणून सप्टेंबर १९९५ मध्ये करारातच दुरुस्ती मंजूर झाली. ती लागू व्हायला २४ वर्षे लागली.

घोडे अडले ते कराराच्या कलम १७ वर. दुरुस्ती ‘स्वीकारणाऱ्या’ पक्षांपैकी (म्हणजे सदस्य देशांपैकी) किमान तीन चतुर्थांशांनी मान्यता दिली की ९० दिवसांनी ती लागू होते. पण हे पक्ष कोणते? मंजुरीच्या वेळचे ८७ सदस्य धरले तर ६६ मान्यता पुरेशा होत्या. त्या त्या वेळचे सगळे सदस्य धरले तर दर नव्या सदस्यागणिक लक्ष्य पुढे सरकणार. सदस्यसंख्या १७० च्या पुढे गेल्यावर ते सव्वाशेच्याही वर गेले. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विधी सल्लागारांचे मत आले : सदस्यांत वेगळी सहमती नसेल, तर त्या त्या वेळची संख्या धरावी. बंदी नको असलेल्यांना हे हवेच होते, कारण त्यांना आता उघड विरोध करायचीही गरज उरली नाही. अखेर ऑक्टोबर २०११ मध्ये कोलंबियातील कार्ताहेना येथे सदस्यांनीच जुनी, म्हणजे १९९५ ची संख्या धरायचे ठरवले. तरी आणखी आठ वर्षे गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये क्रोएशियाची मान्यता आली आणि ५ डिसेंबरला बंदी लागू झाली, तीही मान्यता देणाऱ्यांपुरतीच. भारत त्यांत नाही. अमेरिका तर मूळ कराराचीही सदस्य नाही.

कराराच्या अंमलबजावणीसाठी २००२ मध्ये १५ जणांची समिती नेमली गेली. तिच्याकडे दंडाचा अधिकार नाही; सल्ला, मदत आणि फार तर ताकीद देण्याची शिफारस, इथेच तिची धाव संपते.

बाकी सारे बंदरांवर आणि कोर्टांत ठरते. न्हावा-शेवाला कागदोपत्री वंगण तेल म्हणून आलेल्या १३३ कंटेनरमध्ये टाकाऊ घातक तेल निघाले. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करायला लावले. वास्तविक, निर्यातदाराच्या चुकीने आलेला बेकायदा माल, कळवल्यापासून ३० दिवसांत निर्यातदार देशाने परत न्यावा, असे करार सांगतो. हे ३० दिवस किती लांबतात ते फिलिपिन्सने पाहिले. २०१३-१४ मध्ये प्लास्टिक भंगार म्हणून कॅनडातून शंभरावर कंटेनर आले. आत घरगुती कचरा, वापरलेले डायपरसुद्धा. हा खासगी व्यवहार आहे, असे कॅनडा म्हणत राहिला. मे २०१९ मध्ये फिलिपिन्सने राजदूत माघारी बोलावला, तेव्हा महिनाअखेर ६९ कंटेनर परत निघाले. बाकीच्यांपैकी काहींतला कचरा तोवर टारलाक प्रांतात पुरूनही झाला होता.