भारतीय बालयकृत् सूत्रणरोग

भारतीय बालयकृत् सूत्रणरोग : साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या यकृतात तांबे साचून ते कठीण करणारा, उपचारावाचून बहुधा प्राणघातक ठरणारा विकार. बोलण्यात ‘मुलाचं लिव्हर वाढलं’ एवढ्यावरच त्याची ओळख थांबे. सेन यांनी १८८७ मध्ये कलकत्त्याहून केलेले वर्णन सर्वांत जुने मानले जाते. रोग त्याआधीही असणार. पण काविळीच्या जुन्या नोंदींतून तो वेगळा काढता येत नाही.

पोट फुगते, मूल किरकिरे होते. तपासताना यकृताची टणक कड बोटांना पानाच्या धारेसारखी लागते. कावीळ आणि जलोदर (पोटात पाणी साचणे) उशिरा येतात व त्यानंतर अवधी महिन्यांचाच उरतो. निरोगी मुलाच्या यकृतात दर ग्रॅम शुष्क वजनामागे तांबे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या रोगात ते अनेकदा ८०० च्या वर आढळते. सूक्ष्मदर्शकाखाली यकृतपेशींत मॅलरी पिंड (प्रथिनांचे गोळे) दिसतात आणि ऑर्सीन या रंजकाने तांबे धरून ठेवणारी प्रथिने उमटतात.

तांब्याकडे लक्ष वळले ते १९७९ च्या सुमारास. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे आणि इंग्लंडमधील स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये असे सुचवले, की कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेले व ठेवलेले गाई-म्हशीचे दूध बाळाला फार लवकर सुरू करणे हे रोगाचे कारण असावे. दुधातील केसीन हे प्रथिन भांड्याचे तांबे बांधून घेते. तान्ह्या बाळाच्या यकृतात मुळातच तांबे जास्त असते आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची क्षमता अपुरी असते. निव्वळ अंगावर पिणाऱ्या मुलांत रोग क्वचित दिसे, हेही या मताशी जुळते.

या उपपत्तीचा धागा नाशिकसारख्या भांड्यांच्या गावात सहज समजतो. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरनेही येथील तांब्या-पितळेच्या कामाची दखल घेतली आहे. तांबट भांडे मठारून देई. आतली कल्हई मात्र वारंवार करावी लागे. भांडे तापवायचे, नवसागर भुरभुरायचा, कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने आत सर्वत्र फिरवायचे. ती झिजली की ताक, आमटी कळकते, हे घरोघर ठाऊक होते. दूध आंबट नसल्याने बिनकल्हईच्या तपेलीतही ते संशयाबाहेर राहिले असावे. गोदावरीचे पाणी तांब्याच्या गडूत भरून नेण्याची रीत यात ओढण्याचे कारण नाही; पाण्यात केसीन नसते.

वाद आनुवंशिकतेचा आहे. त्याच भांड्यातले दूध पिऊन बहुसंख्य मुले सुखरूप राहिली, तर काही घरांत एकामागून एक भावंडे दगावली. शरीरात तांबे साचवणाऱ्या आनुवंशिक विल्सन रोगाशी साम्य वरवरचे आहे. १९९३ मध्ये सापडलेल्या एटीपी७बी या जनुकातील दोषाने होणाऱ्या त्या रोगात रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन हे तांबे वाहणारे प्रथिन सहसा घटते. बालयकृत् सूत्रणरोगात ते नेहमीइतके किंवा वाढलेले असते. ऑस्ट्रियातील टिरोल भागातला दाखला अधिक बोलका आहे. १९०० ते १९७४ या काळात तेथे अशाच विकाराने आजारी पडलेल्या १३८ बालकांची नोंद म्यूलर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. वंशावळी अप्रभावी अलिंगी आनुवंशिकता (दोष आई-वडील दोघांकडून आला तरच रोग होणे) दाखवत होत्या, आणि दूध तांब्याच्या भांड्यांत शिजवले जात होते. भांडी बदलली, रोग ओसरला. कुत्र्यांतील ताम्रविषबाधेशी निगडित मर्१ (MURR1) या जनुकाची तपासणीही झाली, पण मानवी रोगात त्याचा दोष सापडला नाही.

नायक व चितळे यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञांनी भांड्यांच्या कारणावरच शंका घेतली आहे. त्यांच्या मते तांब्याचा साठा हे रोगाचे मूळ ठरत नाही. तरीही पुणे जिल्ह्यात भांडी बदलण्याचा प्रचार झाल्यानंतर रुग्ण घटत गेले, हे बाजूला सारता येत नाही. सुप्त जनुकीय दोष आणि तांबेयुक्त दूध या दोहोंच्या संयोगाचे मत म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते. स्टीलची भांडी त्याच काळात आपोआपही पसरत होती. घटीचे श्रेय नेमके वाटून देणे कठीण आहे.

तांबे बांधून बाहेर काढणारे पेनिसिलामाइन लवकर दिल्यास काही मुले वाचतात. कावीळ व जलोदर झाल्यावर त्याचा उपयोग फारसा होत नाही.